समुपदेशक उशिरा का आला?

घरातल्या माणसाची दारू सोडवायची म्हटले की महाराष्ट्रात आजही आधी जुने रस्ते धुंडाळले जातात. कुणी माळ घालायला सांगतो, कुणी मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतो, कुणी चहातून गुपचूप द्यायची पुडी आणून देतो. मुलगा बिनलग्नाचा असेल तर ‘दोनाचे चार झाले की सुधारेल’ हा उपाय ठरलेलाच. सगळे करून हात टेकले की मग एखाद्या चांगल्या समुपदेशकाची चौकशी सुरू होते. तो यादीत शेवटी येतो याचे खापर लोकांच्या अज्ञानावर फोडले जाते. पण इतिहास पाहिला तर तो आपल्याकडे मुळातच शेवटी आला. अबकारी खाते, मद्यपानविरोधी पुढारी, वेड्यांची इस्पितळे आणि दारूबंदीचे पोलीस येऊन गेल्यावर, १९८०च्या दशकात, तो खऱ्या अर्थाने दिसू लागला. मानसशास्त्र इथे उशिरा पोहोचले, एवढ्याने या उशिराचा उलगडा होत नाही. व्यसनी माणसाला त्याच्या व्यसनाबद्दल काही विचारावे आणि तो सांगेल ते उपचाराच्या कामी येईल, असे शंभर वर्षे कुणाला वाटलेच नाही. ते वाटू लागले तेव्हाच हा पेशा उभा राहू शकला.

सुरुवात महसुलापासून करावी लागते. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्यावर आणि विकण्यावर सरकारची पकड घट्ट केली. मोहाची दारू आणि माडी-ताडी परवान्याच्या, मक्त्याच्या आणि कराच्या वस्तू झाल्या. पिणारा या व्यवस्थेत गिऱ्हाईक होता आणि चोरून गाळणारा गुन्हेगार. या धोरणाला विरोध झाला, तोही मोठ्या माणसांकडून. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी १८८० साली शहरातल्या वाढत्या दारूदुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. लोकांच्या आरोग्यासाठी खर्च करणाऱ्या संस्थेने आरोग्य बुडवणारी दुकाने वाढू द्यावीत, यातली विसंगती त्यांनी दाखवून दिली. १९०८ साली टिळकांच्या नेतृत्वाखाली पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. हे दोन्ही प्रयत्न मोलाचे होते आणि त्यांचा रोख योग्य जागी, म्हणजे दुकानावर आणि सरकारी तिजोरीवर, होता. मात्र दुकानाच्या दारातून परत फिरवलेल्या माणसाचे घरी जाऊन काय होते, रात्री त्याचे हात का थरथरतात, हा प्रश्न त्या चळवळीच्या कक्षेत आला नाही. तिच्या दृष्टीने तो एक तर बळी होता किंवा बिघडलेला.

वैद्यकशास्त्राने तरी विचारायला हवे होते. तिथे काय चालले होते याचा पुरावा १८९३-९४च्या भांग-गांजा आयोगाच्या अहवालात सापडतो. या आयोगाने १,१९३ साक्षीदार तपासले. गांजाने माणसे वेडी होतात हा त्या काळचा सर्वमान्य समज होता आणि वेड्यांच्या इस्पितळांचे आकडे त्याला आधार म्हणून दिले जात. आयोगाने १८९२ साली दाखल झालेल्यांची प्रकरणे एकेक करून पुन्हा तपासायला घेतली, तेव्हा त्या आकड्यांचे पितळ उघडे पडले. नोंदवहीत ‘वेडाचे कारण’ असा एक रकाना असे. रुग्णाला आणणाऱ्या पोलिसाच्या किंवा दंडाधिकाऱ्याच्या कागदावर जे लिहिलेले असेल ते तिथे उतरवले जाई. कारण माहीत नसेल आणि माणूस गांजा ओढत असल्याचे कुणी म्हटले, तर रकाना ‘गांजा’ या शब्दाने भरे. फेरतपासणीनंतर १,३४४ दाखल्यांपैकी जेमतेम ९८ प्रकरणांत गांजाचा संबंध असू शकतो, असे आयोगाला आढळले, आणि त्यांतही काहींत इतर कारणे मिसळलेली होती. गांजा निरुपद्रवी आहे असे यातून ठरत नाही. ठरते ते इतकेच, की इस्पितळात भरती झालेल्या व्यसनी माणसाची कहाणीसुद्धा पोलीस सांगत होता आणि डॉक्टर ती उतरवून घेत होता.

स्वातंत्र्यानंतर नीतीची बाजू सत्तेवर आली. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई राज्याने १९४९चा दारूबंदी कायदा केला. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काही तरतुदी रद्द केल्या, पण कायद्याचा गाभा कायम ठेवला. या कायद्यात डॉक्टरला एक जागा मिळाली, आणि ती मोठी गमतीची होती. प्रकृतीसाठी दारू आवश्यक आहे असे ठरले तर आरोग्य परवाना मिळे. ज्याला दारू सोडायची आहे त्याच्यासाठी डॉक्टरकडे काही नव्हते. ज्याला ती प्यायची आहे त्याच्यासाठी मात्र प्रमाणपत्र होते. पुढे बंदी सैल झाली, दुकाने उघडली, तरी ‘आरोग्याचे जतन’ हे परमिटाचे कारण कायद्यात टिकून राहिले. म्हणजे १८७८पासूनच्या शतकात धोरण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झुलले. आधी सरकारने दारू विकून पैसा केला, मग ती बंद करून पुण्य जोडले. पिणारा माणूस दोन्ही वेळा कागदावरची एक नोंदच राहिला.

बदल आला तो सरकारी खात्यांच्या आणि विद्यापीठांच्या बाहेरून. १९३५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन दारुड्यांनी एकमेकांशी बोलून स्वतःला सावरले आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ (एए) उभी राहिली. तिच्या सभेत तज्ज्ञाची खुर्ची नसते. माणूस उठतो, फक्त पहिले नाव सांगतो, आपण दारुडे आहोत म्हणतो आणि आपली हकिगत सांगतो. बाकीचे मधे न बोलता ऐकतात. १९५०च्या दशकात हा रिवाज भारतात पोहोचला आणि मुंबईसारख्या शहरांत रुजला. १९८० साली चेन्नईत शांती रंगनाथन यांनी, पती दारूपायी गेल्यानंतर, उपचार केंद्र उभे केले. १९८१ साली वांद्र्यात फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केले. ते बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य असल्यामुळे एए सभांच्या जोडीला तिथे योगासनेही आली. या सगळ्या कामात धर्माची छाया आहे हे खरे. पण जुन्या शपथेत आणि या सभेत मोठा फरक आहे. शपथ मोडली की माणूस पुन्हा तोंड दाखवत नाही. इथे मात्र ‘काल प्यायलो’ हे सांगायलाच परत यायचे असते.

त्याच वेळी मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर गर्द, म्हणजे हेरॉइनची भुकटी, आली होती. तिने वीस-बावीस वर्षांची मुले गिळायला सुरुवात केली. सरकारचे उत्तर १९८५चा अमली पदार्थविरोधी कायदा हे होते. स्वतःच्या वापरापुरती पुडी जवळ सापडली तरी तुरुंग, असा त्याचा खाक्या. स्वतःहून उपचाराला येणाऱ्याला खटल्यातून सूट देणारे कलम त्यात १९८९ साली घालण्यात आले. पत्रकार अनिल अवचट यांनी याच काळात गर्दुल्ल्यांशी बोलून लिहिले. गर्द न मिळाल्यावर टर्की लागते म्हणजे अंगात नेमके काय होते, नाकाडोळ्यांतून पाणी कसे वाहते, हाडे कशी ठणकतात, पुडीच्या पैशासाठी घरातले काय काय विकले जाते, हे मराठी वाचकाला ओढणाऱ्यांच्याच सांगण्यातून कळले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी त्याच आवारात, २९ ऑगस्ट १९८६ रोजी, मुक्तांगण सुरू केले. तिथे दाखल होणाऱ्याला ‘रुग्णमित्र’ म्हटले गेले. पाच आठवड्यांच्या निवासी उपचारात औषधाइतकेच गटातल्या बोलण्याला स्थान मिळाले. बरे झालेले रुग्णमित्र पुढे तिथेच कार्यकर्ते झाले आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ गट निघाला. आज मराठी मुलखात व्यसनमुक्तीचा समुपदेशक म्हणून जो ओळखला जातो, त्याची घडण बरीचशी इथे झाली.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: व्यसनी माणूस खोटे बोलतो, मग त्याच्या सांगण्याला किंमत काय? तो खोटे बोलतो हे कुठलीही बायको सांगेल. पण खरे बोलल्याबद्दल ज्याला मार, उपदेश किंवा कोठडी मिळते, तो खोटेच बोलणार. किती पितोस या प्रश्नाचे उत्तर फौजदाराला वेगळे मिळते, वडिलांना वेगळे आणि ज्याने स्वतः तितकीच प्यायली आहे त्याला वेगळे. १८९२ची नोंदवही रुग्ण खोटारडा होता म्हणून चुकली नव्हती, त्याला कुणी विचारलेच नव्हते म्हणून चुकली होती. समुपदेशकाचे निम्मे कौशल्य हेच आहे की त्याच्यासमोर खोटे बोलण्याची गरज उरू नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अनुभवाला डोक्यावर घेतले की शास्त्र मागे पडते आणि कुणीही बरा झालेला माणूस केंद्राची पाटी लावतो. हा धोका खरा आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रम होऊ शकतो, आणि औषधाविना हा काळ जिवावर बेततो. तिथे सहानुभूती कामाची नाही, डॉक्टरच हवा. कोंडून ठेवणारी, मारहाण करणारी केंद्रेही निघाली. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा मानसिक आजारात समावेश केला आणि अशा रुग्णांना दाखल करणाऱ्या संस्थांना नोंदणी बंधनकारक केली, ते योग्यच झाले. मात्र यावरून पदवीवाल्याशिवाय कुणी या कामाला हातच लावू नये असा निष्कर्ष काढला, तर पुरावा आडवा येतो. गोव्यात ‘संगथ’ संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर केलेला प्रयोग २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी फार तर चार बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी त्यांच्या गटातल्या ३६ टक्के पुरुषांचे घातक पिणे आटोक्यात आले होते. ज्यांना केवळ नेहमीची वैद्यकीय सेवा मिळाली, त्यांच्यात हे प्रमाण २६ टक्के होते. हे पुरुष पूर्ण व्यसनाधीन झालेले नव्हते, घातक पातळीवर पिणारे होते, ही मर्यादा विसरायला नको. पण शिस्तीने ऐकणे शिकवता येते आणि ते मोजताही येते, हे त्यातून दिसले. अनुभव आणि शास्त्र यांतले एक निवडायची वेळ येतेच असे नाही.

तिसरा आक्षेप गावातल्या बायकांचा आहे आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे: एकेकाला समजावत बसण्यापेक्षा दुकानच बंद करा. १९९३ साली गडचिरोलीत दारूबंदी झाली ती लोकांच्या आंदोलनातून, आणि तिच्यामागचा संताप खरा होता. दारू सहज मिळणे कमी झाले की पिणेही घटते, हे मान्य करायला हवे. पण त्याच जिल्ह्यात २०१६ पासून चालणाऱ्या ‘मुक्तिपथ’ने दुकाने रोखण्याबरोबर तालुक्यांत व्यसन उपचाराचे दवाखानेही उघडले. बंदीच्या जिल्ह्यातही सोडू पाहणाऱ्याला बसायला जागा लागते, याची ती कबुली आहे. फुले आणि टिळकांच्या काळी जे काम अर्धे राहिले, त्याचा उरलेला अर्धा भाग हाच.

तो अर्धा भाग अजून फार तोकडा आहे. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात दारूच्या व्यसनात अडकलेल्या दर ३८ जणांपैकी केवळ एकाला कसला ना कसला उपचार मिळतो, आणि दर १८० जणांपैकी एकालाच दाखल होऊन. अशा टंचाईत घरचे लोक जो सापडेल त्याचा हात धरतात, म्हणून निवड कशी करायची हे इतिहासातून शिकून घेतलेले बरे. केंद्राची नोंदणी आहे का आणि पहिल्या आठवड्यात डॉक्टर कोण बघतो, हे आधी विचारावे. समुपदेशक रुग्णाला नातेवाइकांपासून वेगळे, एकट्याला भेटतो का? घरच्यांसाठी निराळी बैठक आहे का? घरी गेल्यावर पाठपुरावा कोण करतो, आणि पुन्हा प्यायला तर त्याला दार उघडे आहे का? ‘शंभर टक्के सोडवून देतो’ असे रुग्णाला न भेटताच सांगणारा माणूस जुन्या नोंदवहीतल्या कारकुनासारखा रकाना आधी भरतो आहे, असे खुशाल समजावे आणि पुढच्या दाराकडे वळावे.