हिमलोट

हिमलोट (हिमस्खलन) : पर्वतउतारावर साचलेला बर्फ एकाएकी सुटून वेगाने खाली कोसळण्याची घटना. भारतात काश्मीर, लडाख, हिमाचल प्रदेश, उत्तराखंड व सिक्कीम येथील उंच उतारांवर हिमलोट कोसळतात.

हिमथर : हिवाळ्यात पडणारा बर्फ थरावर थर साचत जातो. आरंभी बर्फ पातळ व हवा अतिशीत असेल, तर जमिनीलगतची ऊब आणि वरची थंडी यांत मोठी तफावत पडते. ती दर मीटरला सुमारे १०° से.हून अधिक झाली, की बाष्प वर सरकते आणि तळाशी जाड साखरेसारखे, परस्परांना न चिकटणारे स्फटिक बनतात. निरभ्र, शांत रात्री पृष्ठावर दहिवराची नाजूक पाती धरतात. नव्या बर्फाखाली गाडली गेली, की तीही दुबळा थर ठरतात. अशा थरावर वाऱ्याने घट्ट बसवलेली बर्फाची लादी खालचा आधार तुटताच अखंड सुटते. बहुतेक जीवघेणे हिमलोट या लादी प्रकारचे असतात. ३०° ते ४५° चढाचे उतार सर्वांत धोक्याचे.

पीर पंजाल : गुलमर्गच्या माथ्यावरील अफरवट येथे दोरवाट (गोंडोला) ३,९०० मी.पेक्षा उंच जाते. आखलेल्या मार्गाबाहेर पाऊल पडताच स्कीपटू मोकळ्या रानबर्फात पोहोचतो. पश्चिमी विक्षोभामुळे (पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वादळांमुळे) येथे थोड्या काळात प्रचंड बर्फ पडतो व वारा तो कड्याच्या आडोशाच्या बाजूस लोटतो. वादळानंतरचे एक-दोन दिवस म्हणूनच अधिक घातक असतात. याउलट काराकोरमच्या कोरड्या थंडीत दुबळे थर दीर्घकाळ टिकतात.

खुणा : शेजारच्या उतारावर ताजा हिमलोट, पायाखालून धावणाऱ्या भेगा, बर्फ खचल्याचा ‘धप्प’ आवाज आणि तापमानात झपाट्याने होणारी वाढ. अशा वेळी तीव्र उतार टाळणे हाच शहाणपणा. अपघातांत हिमलोट बहुधा बळी पडलेल्यांच्या किंवा त्यांच्या सोबत्यांच्याच भाराने सुटलेला असतो.

दुर्घटना व अभ्यास : एप्रिल २०१२ मध्ये सियाचीनजवळील ग्यारी येथे पाकिस्तानी लष्करी तळावरील १४० जण गाडले गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनवर भारताच्या १० जवानांचा बळी गेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तरकाशी जिल्ह्यात गिर्यारोहण प्रशिक्षणार्थींचे पथक हिमलोटात सापडले. भारतात या विषयासाठी १९६९ मध्ये मनाली येथे हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था स्थापन झाली. २०२० मध्ये ती चंदीगढच्या संरक्षण भू-माहितीशास्त्र संशोधन संस्थेत विलीन झाली.

बचाव : पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक वाचतात; सुमारे ३५ मिनिटांनी तिघांपैकी जेमतेम एक वाचतो. दरीतून मदत इतक्या लवकर पोहोचत नाही. त्यामुळे ४५७ किलोहर्ट्‌झचा संदेश प्रेषक-ग्राहक (ट्रान्सीव्हर), शोधकाठी व फावडे प्रत्येकाजवळ हवे, त्यांचा सराव हवा आणि धोक्याचा उतार एकेकट्याने ओलांडून इतरांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायला हवी. गाडल्या गेलेल्याचा जीव त्याच्या सोबत्यांच्याच हाती असतो.