अर्धे उरलेले

मौजे कुडवा हे गोंदिया शहराला लगटून असलेले गाव. आणि अशा गावी ध्वनी व चलच्चित्र यांचे सार्वजनिक प्रदर्शन भरवावयाचे झाले, तर मांडणी करणाराने प्रथम कोणती पेटी उघडावी हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. कारण या कलेच्या दप्तरात जे जपले गेले आहे ते पुष्कळदा अर्धेच आहे: चित्र आहे तेथे आवाज नाही, आणि आवाज आहे तेथे मुद्रा नाही.

कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली आपल्या पुत्रांच्या साहाय्याने सुरू केलेल्या ‘शांबरिक खरोलिके’चेच पाहावे. ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात रुपया दराने दाखविली गेली, त्याच्या चार वर्षे आधीची ही गोष्ट. काचेवर हाताने रंगविलेली पुराणांतील पात्रे दिव्यांच्या योगे पडद्यावर पाडावयाची, एकाच पात्राच्या निरनिराळ्या आविर्भावांच्या काचा झरझर पालटून गतीचा भास उत्पन्न करावयाचा, आणि त्याच वेळी मंडळींनी संवाद बोलून व पदे गाऊन त्या छायांना वाणी द्यावयाची, असा तो खटाटोप होता. ती काच आज पाठीमागून उजळून दालनात ठेवता येते. मात्र तिच्या वतीने जो कंठ बोलत असे त्याची मोजदाद कोणत्याही नोंदवहीत सापडावयाची नाही.

बोलपटाने तरी ही उणीव भरून काढावी, तर तेथेही दैवाची थट्टाच आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात झळकलेला ‘आलम आरा’, हिंदुस्थानचा पहिला बोलपट, याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. छायाचित्रे व जाहिराती तेवढ्या उरल्या, म्हणजे बोलण्याकरिताच प्रसिद्ध झालेले चित्र आता मुके आहे. पुण्याचे चित्रपट संग्रहालय स्थापन झाले १९६४ साली. तोवर किती रिळे खराब झाली किंवा चांदीच्या लोभाने वितळविली गेली! प्रभातचा १९३२ सालचा ‘अयोध्येचा राजा’ आजही पाहावयास व ऐकावयास मिळतो, हे मराठी रसिकांचे भाग्यच म्हणावयाचे.

याच्या नेमके उलट उदाहरण सरकारदरबारी आहे. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या निमित्ताने १९१३ ते १९२९ या काळात निरनिराळ्या इलाख्यांतील बोलींच्या ध्वनिमुद्रिका काढण्यात आल्या, व त्यांत मध्यप्रांतही आला. कुडवा तेव्हा त्याच प्रांताच्या भंडारा जिल्ह्यात होते. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. बोलींची तुलना व्हावी म्हणून बायबलातील उधळ्या मुलाचीच कथा जागोजागी सांगवून घेतली गेली. ज्यांनी तो उधळ्या मुलगा जन्मात कधी ऐकलाही नसेल अशा माणसांच्या मुखातून तो परत घरी येतो, हा विनोद सर्वेक्षणाच्या कचेरीच्या लक्षात आला असेल असे मला वाटत नाही. आवाज मात्र उरला. बोलताना त्या माणसाचे हात कसे हलत होते, हे तबकडी सांगत नाही.

तेव्हा मांडणी करणाराने या दोन अर्ध्यांना खोट्या सांध्याने जोडू नये, काचेवर आजचा ध्वनी चिकटवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जिवंत कंठ हवाच असेल तर तो दूर शोधावयास नको. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या मुलखात, जेथे धानाच्या कापणीनंतर मंडई भरतात, तेथे दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांच्या परंपरेतून वाढलेली झाडीपट्टी रंगभूमी वडसा-देसाईगंजच्या आश्रयाने आजही नाटके करते, व ती रात्रभर चालतात. त्या मंडळींपैकी एखाद्याने खरोलिकेच्या काचेशेजारी उभे राहून आपल्याच बोलीत रामकथा सांगावी. ती पटवर्धनांच्या घरची वाणी नव्हे, हे पाटीवर ठळक लिहावे, म्हणजे कोणाची फसगत व्हावयाची नाही.

प्रदर्शनाचा मुहूर्त दिवाळीनंतरचा ठेवावा, पण शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा, दिवस टाळावा. त्या रात्री गाव नाटकाला जाते, आणि दालनात राखणदाराशिवाय कोणी उरावयाचे नाही.