नोंदींच्या रांगेची कुळकथा

सी भाषेत 'स्ट्रक्ट' म्हणजे भिन्न जातींच्या रकान्यांची एक नोंद, आणि 'ॲरे ऑफ स्ट्रक्चर्स' म्हणजे तशा नोंदींची सलग रांग. आज प्रथम वर्षाचा विद्यार्थीही वर्गातील मुलांची नावे व गुण अशा रांगेत मांडतो, परंतु ती रांग ज्या अडचणीतून जन्मास आली ती अडचण दफ्तराची होती.

न्यू जर्सीत मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांना केन थॉम्पसन यांच्या 'बी' भाषेचा वारसा लाभला होता, आणि त्या भाषेत ॲरे घोषित केला की त्याच्या जागेखेरीज त्या जागेचा पत्ता बाळगणारा एक स्वतंत्र खण राखला जाई. तेथील युनिक्स या संगणक-कार्यप्रणालीच्या डिरेक्टरीतील, म्हणजे फाइलींच्या दफ्तरातील, प्रत्येक नोंद मात्र १६ बाइटांची असे: २ बाइटांत फाइलचा क्रमांक, १४ बाइटांत तिचे नाव. ही नोंद तबकडीवर जशी आहे तशीच भाषेत वर्णिता यावी, हा रिचींचा आग्रह. मग नावाच्या चौदा अक्षरांचा पत्ता सांगणारा खण त्या सोळा बाइटांत मावावा कोठे?

रिचींनी तो खणच रद्द केला. रांगेचे नाव पदावलीत आले की त्यातूनच पहिल्या घटकाचा पत्ता सिद्ध व्हावा, अशी तजवीज त्यांनी केली, आणि माझ्या मते साऱ्या सी भाषेत याहून प्रगल्भ निर्णय नाही. अशा सोळा-बाइटी नोंदींच्या रांगेत गणती शून्यापासून असल्याने क्रमांक २ ची नोंद आरंभापासून ३२ बाइटांवर येते, व टिंब देऊन तिच्यातील नावाचा रकाना मागितला की आणखी २ बाइट ओलांडून ३४ व्या स्थानी हात पोहोचतो. पत्ता कोठेही लिहून ठेवलेला नसतो, तो हिशेबाने निघतो.

स्ट्रक्ट नसताना, १९७२ मध्ये, युनिक्सचा गाभा सीमध्ये लिहिण्याचा प्रयत्न थॉम्पसन यांना सोडून द्यावा लागला होता. स्ट्रक्ट आल्यावर १९७३ च्या उन्हाळ्यात तेच कार्य सिद्धीस गेले. त्या गाभ्यात चालू प्रोसेसेसची जंत्री हीदेखील अशीच एक रांग होती. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत तिच्यात ५० नोंदींची जागा असे, आणि त्या भरल्या म्हणजे नवी प्रोसेस निर्माण होत नसे.