आफ्रिकेंतील पुरातन नगरें व तेथील ख्रिस्तसभा



ज्युबिलीच्या या अंकांत आपल्या धर्मग्रामाचा वृत्तांत इतरांनीं लिहिलाच आहे. तो मी पुन्हा लिहीत नाहीं. कांहीं महिन्यांपूर्वीं आपल्यांतील एका कुटुंबानें मला प्रवासी मंडळाचें एक रंगीत पत्रक दाखविलें. वाटाड्यासह उत्तर आफ्रिकेंतील ऐतिहासिक शहरांची सफर त्यांत जाहीर केली होती. रोमन स्नानगृहें होतीं, बाजार होते, गालिचे होते, जेवणांतील पदार्थांचीं नांवेंही होतीं. संत ऑगस्टीन मात्र कोठेंच नव्हते. त्या कुटुंबाचें जाणें कांहीं घडलें नाहीं. पत्रक माझ्या टेबलावर राहिलें. मी स्वतः त्या भूमीवर पाय ठेविलेला नाहीं. परंतु सेमिनरींत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकतांना जीं नगरें मनांत वसलीं, त्यांतून आपणांस एकवार फिरवून आणावें अशी इच्छा आहे.

पहिला मुक्काम अलेक्झांड्रिया. संत मार्क यांनीं तेथें सुवार्ता नेली, अशी प्राचीन परंपरा आहे. आपणां मराठी लोकांस या बंदराचें आणखी एका कारणानें अगत्य वाटावें. सहाव्या शतकाच्या मध्यास येथील कॉस्मस नांवाच्या व्यापाऱ्यानें आपल्या ग्रंथांत पूर्वेकडील ख्रिस्ती वस्त्यांची नोंद केली असून, ‘कलियाना’ या गांवीं इराणांतून नेमलेला बिशप असतो, असें तो सांगतो. हें गांव म्हणजे ठाणें जिल्ह्यांतील आपलें कल्याण, असें बरेच विद्वान मानतात. तसें असेल, तर महाराष्ट्रांतील ख्रिस्ती लोकांचा हा अत्यंत जुना उल्लेख आपणांस आफ्रिकेंतील एका मनुष्याच्या लेखणींतून मिळाला. त्या ख्रिस्तसभेची एक वीटही आज दाखवितां येत नाहीं. ही गोष्ट ध्यानांत असूं द्यावी.

समुद्रकिनाऱ्यानें पश्चिमेस गेलें म्हणजे ट्यूनिसजवळ कार्थेज लागतें. बिर्सा टेकडीवर १८९० सालीं पूर्ण झालेलें भव्य महामंदिर दिसतें, पण तेथें आतां नित्याची उपासना होत नाहीं. आपण खालीं, मोडक्या रंगभूमीकडे वळूं. ७ मार्च २०३ रोजीं येथें पर्पेतुआ व फेलिसिती यांस श्वापदांपुढें सोडण्यांत आलें. एक कुलीन घरची, सुमारें बावीस वर्षांची, अंगावर पिणारें मूल असलेली. दुसरी गुलाम, कारागृहांतच प्रसूत झालेली. पर्पेतुआनें बंदिवासांत लिहिलेला वृत्तांत आजही उपलब्ध आहे. मिस्सेच्या रोमी महाप्रार्थनेंत या दोघींचीं नांवें येतात, तेव्हां आपण आफ्रिकेंतल्याच दोन लेकुरवाळ्यांचें स्मरण करीत असतों. याच नगरीचे बिशप संत सिप्रियन यांचा १४ सप्टेंबर २५८ रोजीं शिरच्छेद झाला.

अशा रक्तानें शिंपलेली ही ख्रिस्तसभा किती फोंफावली होती! इ. स. ४११ मध्यें कार्थेज येथें कॅथोलिक व दोनातपंथी यांची जी परिषद भरली, तींत दोन्ही पक्षांचे मिळून साडेपांचशेंहून अधिक बिशप जमले होते. आणि १०५३ सालीं पोप नववे लिओ खेदानें लिहितात कीं, साऱ्या आफ्रिकेंत पांचच बिशप उरले. १०७६ मध्यें तर एका नव्या बिशपाच्या दीक्षेला लागणारे तीन बिशपही तेथें मिळेनात; त्याची दीक्षा रोमला करावी लागली.

हें कसें झालें? अरबांच्या तलवारीनें, असें उत्तर देणें सोपें आहे. पण मग ट्यूनिसच्या दक्षिणेस कैरवानला चला. इ. स. ६७० मध्यें अरबांनीं वसविलेलें हें नगर. तेथील थोरल्या मशिदींत रोमन इमारतींतून आणलेले शेंकडों खांब उभे आहेत. परंतु याच गांवीं अकराव्या शतकांतील ख्रिस्ती थडग्यांच्या लॅटिन शिळाही सापडल्या आहेत. म्हणजे अरबी राज्य येऊन साडेतीनशें वर्षें लोटलीं, तरी मृतांस ख्रिस्ती प्रार्थनेनें पुरणारें कोणी तेथें होतें. तलवारीला एवढा वेळ लागत नाहीं.

पंथभेद, वांडाल लोकांची स्वारी, धनिकांचें इटलीस पलायन, हीं कारणें इतिहासकार देतात, तीं खरींच आहेत. मला मात्र हिप्पोची एक गोष्ट सुचते. हिप्पो म्हणजे अल्जीरियांतील आजचें अन्नाबा. संत ऑगस्टीन यांनीं तेथें सुमारें ३४ वर्षें बिशपपद सांभाळलें, आणि वांडालांचा वेढा पडला असतां २८ ऑगस्ट ४३० रोजीं तेथेंच देह ठेविला. हिप्पोपासून चाळीस रोमन मैलांवर फुसाला नांवाचें खेडें होतें. तेथील लोक प्यूनिक बोलत. लॅटिन त्यांस परकी. त्यांस वेगळा बिशप द्यावा, असें ऑगस्टीन यांनीं ठरविलें व ती भाषा जाणणारा एक योग्य धर्मगुरू शोधला. दीक्षेसाठीं ज्येष्ठ बिशप दूरवरून येऊन पोंचले, आणि त्या धर्मगुरूनें ऐन वेळीं नकार दिला. मग घाईनें अँतोनिनस नांवाच्या, ऑगस्टीन यांच्याच मठांत वाढलेल्या तरुण वाचकास पुढें केलें. त्यानें गांव लुबाडलें. लोक रडत हिप्पोला आले. वृद्ध ऑगस्टीन यांनीं पोप सेलेस्तीन यांस पत्र लिहून आपली चूक कबूल केली, आणि या दुःखानें आपण पद सोडण्याचा विचार करतों, असेंही कळविलें. एवढ्या मोठ्या पंडितास, आपल्याच कुडवाच्या भाषेंत बोलणारा दुसरा माणूस वेळेवर सांपडला नाहीं! प्यूनिक किंवा बर्बर भाषेंत तेव्हां बायबल उतरल्याचा पुरावा मिळत नाहीं. मिसरांत उलट घडलें. तेथें पवित्र शास्त्र शेतकऱ्यांच्या कॉप्टिक भाषेंत आलें. तेथेंही सातव्या शतकापासून मुसलमानी राज्य होतें. पण कॉप्ट ख्रिस्ती आजही लाखोंनीं आहेत. ते पांचव्या शतकापासून आपल्याहून विभक्त झाले, तरी ही साक्ष नाकारतां येत नाहीं.

आपल्याकडे हें काम फादर थॉमस स्टीफन्स यांनीं फार पूर्वीं ओळखलें. १५७९ मध्यें गोव्यास आलेल्या या इंग्रज येशूसंघीयाचें मराठी ख्रिस्तपुराण १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें. त्यांत सुमारें अकरा हजार ओंव्या आहेत. वेदीवर मात्र मराठी यावयास दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची, म्हणजे १९६३ नंतरच्या वर्षांची वाट पाहावी लागली. मागील पिढीचे वृद्ध मला सांगत कीं, पहिली मराठी मिस्सा ऐकून त्यांस प्रथम चुकल्यासारखें वाटलें, आणि मग रडूं आलें.

आतां आपल्या बुटीबोरीकडे परत येऊं. वर्धा व हैदराबादचे रस्ते येथें फुटतात, आणि कारखान्यांमुळें चहूंकडचीं माणसें येथें येतात. गेल्या उन्हाळ्यांत कामगारांच्या वस्तींत एका आजारी वृद्धेला तैलाभ्यंग देण्यास मी गेलों. ती कुडुख बोलत होती. नातू कारखान्यांत पाळीवर होता. मीं मराठींत प्रार्थना म्हटली. ती माझ्याकडे पाहून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तिला कांहीं क्लेश सांगावयाचे असावेत, असें वाटून मी मान डोलवीत राहिलों. नातू आल्यावर त्यानें अर्थ सांगितला: उन्हांतून आलांत, आधीं पाणी प्या.

तो तरुण आतां रविवारीं मिस्सेनंतर मला कुडुख भाषेंतील प्रभूची प्रार्थना शिकवितो. अजून अर्धीच पाठ झाली आहे.