हॅमट्रॅमिक : कारखाना गेला, माणसे आली

अमेरिकेतील मुसलमान म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे डॉक्टर, इंजिनिअर किंवा संगणकावर काम करणारा सुखवस्तू माणूस येतो. आपल्या ओळखीतून तिकडे गेलेली मुले बहुधा त्याच वाटेने गेली, तेव्हा हे साहजिकच आहे. परंतु तिकडच्या मुसलमानांचा एक मोठा भाग कारखान्यात पाळ्या करून जगला. त्याचा इतिहास पाहायचा तर मिशिगन राज्यातील हॅमट्रॅमिक या चिमुकल्या शहराकडे जावे लागते. क्षेत्रफळ जेमतेम दोन चौरस मैल. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या २८,४३३. बहुतेक सर्व बाजूंनी डेट्रॉइट महानगराने वेढलेले, तरी नगरपालिका स्वतःची.

१९१० साली ते एक खेडे होते आणि तेथे साडेतीन हजार माणसे राहत. बहुसंख्य जर्मन वंशाचे शेतकरी. त्याच सुमारास जॉन आणि होरेस डॉज या भावांनी तेथे कारखाना काढला. आधी ते हेन्री फोर्डला मोटारींचे भाग पुरवीत, पुढे स्वतःच्या नावाची मोटार काढू लागले. कारखान्याला माणसे हवी होती आणि पोलंडच्या गरीब शेतकऱ्यांना काम हवे होते. दहा वर्षांत साडेतीन हजारांचे जवळजवळ ४८ हजार झाले. १९३० साली ५६ हजारांवर. आजच्या दुप्पट माणसे त्याच दोन चौरस मैलांत! अरुंद प्लॉटवर एकाला एक खेटून लाकडी दुमजली घरे उठली. खाली मालक राही, वर भाडेकरू. भोंगा झाला की माणूस डबा घेऊन पायीच निघे. ही घरे लक्षात ठेवावीत, पुढच्या हकिकतीत ती पुन्हा येणार आहेत.

डेट्रॉइटने गिळू नये म्हणून गावाने १९२२ साली शहराचा दर्जा घेतला. कारखान्याचा कर नगरपालिकेला मिळू लागला. नगरसेवक, महापौर, पोलीस सगळे पोलिश. आठ मजली कारखान्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हजारो कामगार होते. ही माणसे मुकी नव्हती. मार्च १९३७ मध्ये त्यांनी कारखान्यातच ठाण मांडून संप केला. त्याच्या दोन वर्षे आधी बायका रस्त्यावर आल्या होत्या. मटणाचे भाव गरिबांच्या आवाक्याबाहेर गेले म्हणून १९३५ च्या उन्हाळ्यात त्यांनी खाटकांच्या दुकानांवर बहिष्कार घातला. त्यांची पुढारी मेरी झुक ही कामगार घरातली बाई. पुढच्या वर्षी तिला लोकांनी नगरपालिकेत निवडून दिले.

पोलिशांची ही बाजू जितकी उजळ, तितकी दुसरी काळी. आपण कालपर्यंत परके होतो हे माणूस किती लवकर विसरतो! कारखान्यात कृष्णवर्णीय कामगार वाढले, पण अवजड आणि धोक्याचे काम त्यांच्या वाट्याला, आणि मुकादम गोरा. युनियनही ऐकत नाही म्हणून १९६८ साली त्यांनी डॉज कारखान्यात ‘ड्रम’ ही स्वतःची लढाऊ संघटना काढली. शहरातही तेच चालले होते. ‘शहर सुधारणे’च्या नावाखाली कृष्णवर्णीयांचीच घरे नेमकी पाडली जात. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९७१ साली न्यायमूर्ती डेमन कीथ यांनी निकाल दिला की नगरपालिकेने हे जाणूनबुजून केले. बदली घरे बांधून देण्याचे काम मात्र पुढे कित्येक वर्षे रेंगाळले. घरे ताब्यात मिळेपर्यंत खटला लावणाऱ्यांतले काही म्हातारे झाले, काही वारले.

याच कारखान्यात येमेनी आणि इतर अरब कामगारही आले. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारे आशियासाठी किलकिली झाली होती. बरेचसे एकेकटेच आले होते. खोलीत चार-पाच जण, पगाराचा मोठा हिस्सा गावाकडे. अशी माणसे मान खाली घालून काम करतात अशी समजूत असते. पण नोव्हेंबर १९७३ मध्ये आपल्या वर्गणीच्या पैशातून युनियनने इस्रायलचे रोखे घेतले म्हणून अरब कामगारांनी काम थांबवले, आणि डॉजमधील उत्पादन त्या दिवशी अडले.

जानेवारी १९८० मध्ये डॉज कारखाना बंद झाला आणि पुढच्या वर्षी जमीनदोस्त. त्याची आणि शेजारच्या वस्तीची जागा जनरल मोटर्सला हवी होती. सहा हजार नोकऱ्या देऊ असे कंपनीने सांगितले. डेट्रॉइट नगरपालिकेने ‘पोलटाऊन’ नावाची जुनी वस्ती सक्तीने संपादन केली. सुमारे ४,२०० माणसे उठली, हजाराहून अधिक घरे गेली, चर्च पाडले गेले. खाजगी कंपनीसाठी अशी जमीन घेता येते, असा निकाल मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली दिला. तो चूक होता असे त्याच न्यायालयाने जुलै २००४ मध्ये म्हटले. तोवर तेथे कारखाना उभा राहून एकोणीस वर्षे झाली होती. एक ज्यू कब्रस्तान तेवढे वाचले. ते कारखान्याच्या कुंपणाच्या आत आहे आणि वर्षातून दोनदा ठरलेल्या दिवशी नातेवाइकांना आत सोडतात.

कारखाना बंद पडला की गाव ओस पडते, असा आपला अनुभव. पोलिशांची पुढची पिढी उपनगरांत निघून गेली. पण हॅमट्रॅमिक ओस पडले नाही, कारण ती दुमजली घरे रिकामी होती आणि स्वस्त होती. येमेनी आपली कुटुंबे आणू लागले. युद्धातून निसटलेले बोस्नियाचे मुसलमान नव्वदच्या दशकात आले. न्यूयॉर्कमधील भाड्याला कंटाळलेले सिल्हेटचे बांगलादेशी आले. एकाने घर घेतले, वरचा मजला मामेभावाला दिला, त्याने मेहुण्याला बोलावले. काम होते ते मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या लहान कारखान्यांत, प्लॅस्टिकच्या साच्यांवर, टॅक्सीवर, दुकानात. डॉजच्या काळची मजुरी मात्र यांच्या वाट्याला आली नाही. कोनंट या रस्त्याच्या एका भागाला २००८ साली ‘बांगलादेश अॅव्हेन्यू’ असे मानाचे नाव मिळाले.

यांची मोजदाद कशी झाली तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या जनगणनेत धर्म विचारीत नाहीत. त्यामुळे हे मुस्लिमबहुल शहर आहे हे सगळेच म्हणतात, पण तो अंदाज असतो. गंमत अशी की अरबांची गणती सरकारी कागदावर ‘गोऱ्यां’त होई. मुकादमाला तो गोरा दिसत नव्हता, पण रजिस्टरमध्ये गोरा! पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेसाठी वेगळा रकाना करण्याचा निर्णय थेट मार्च २०२४ मध्ये झाला.

मतदान केंद्रावर मात्र कुणालाही रकाना लागला नाही. १९९९ च्या निवडणुकीत एका गटाची माणसे केंद्रांवर उभी राहिली आणि सावळ्या रंगाच्या, अरबी-मुस्लिम नावाच्या मतदारांच्या नागरिकत्वाला हरकत घेऊ लागली. नागरिकांनाच नागरिक असल्याची शपथ घ्यावी लागली. आपल्या वाचकांना हा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाही. फरक एवढाच की तेथे केंद्र सरकारच्या न्यायखात्याने २००० साली नगरपालिकेवर दावा लावला आणि पुढच्या निवडणुकांवर देखरेख ठेवली. २००३ साली पहिला बांगलादेशी नगरसेवक निवडून आला. २००४ साली अल-इस्लाह मशिदीने लाऊडस्पीकरवरून अजान देण्याची परवानगी मागितली, तेव्हा देशभरचे कॅमेरे या गावात आले. नगरपालिकेने आवाजाच्या नियमात दुरुस्ती केली, विरोधकांनी सार्वमत मागितले आणि जुलै २००४ मध्ये लोकांनी दुरुस्तीच्या बाजूने कौल दिला. चर्चच्या घंटा चालतात तर अजान का नको, असे तेव्हा म्हणणाऱ्यांत कॅरेन मायेव्स्की या पोलिश वंशाच्या नगरसेविका होत्या. पुढे त्या पंधरा वर्षांहून अधिक काळ महापौर राहिल्या.

मते वाढत गेली तशी तिजोरी आटत गेली. कर देणारा मोठा कारखाना गेला होता, निवृत्त पोलीस-अग्निशामकांची पेन्शन मात्र चालू होती. २००० साली आणि पुन्हा २०१३ साली राज्य सरकारने शहरावर आपला आर्थिक प्रशासक बसविला. निवडून आलेल्यांच्या हाती फारसे काही उरले नाही. अमेरिकन अॅक्सल या सुटे भाग बनविणाऱ्या कंपनीत २००८ साली जवळजवळ तीन महिने संप चालला. कामगारांना पगारकपात स्वीकारावी लागली आणि २०१२ साली इथले उत्पादनच बंद झाले. पोलिशांनी नगरपालिका ताब्यात घेतली ती भरल्या कारखान्याच्या जोरावर. मुसलमानांच्या हाती ती आली तेव्हा कारखाना नव्हता. बहुसंख्य झालो एवढ्यावर हुरळून जाणाऱ्यांनी हा फरक नजरेआड करू नये.

२०१५ साली सहापैकी चार नगरसेवक मुसलमान झाले. अमेरिकेतील हे पहिलेच उदाहरण. २०२१ साली मायेव्स्की यांचा पराभव करून आमेर गालिब महापौर झाले. नाव आपल्याला ओळखीचे वाटावे असे, पण हे गालिब सतराव्या वर्षी येमेनहून आले आणि मोटारींचे प्लॅस्टिकचे भाग करणाऱ्या कारखान्यात राबले. जानेवारी २०२२ मध्ये महापौर व सहाही नगरसेवक मुसलमान होते आणि एक बाई सोडली तर बाकी सगळे पुरुष. मेरी झुकच्या शहरात हे घडले, आणि मला ते खटकते. जून २०२३ मध्ये या सभागृहाने सरकारी जागेवर समलिंगी हक्कांचा झेंडा लावण्यास बंदी घालणारा ठराव केला. ज्यांनी २००४ मध्ये अजानची पाठराखण केली होती त्यांतले अनेक जण दुखावले. मुसलमानांना तेव्हा इतरांच्या औदार्याची गरज होती. आता ते देण्याची पाळी आली, तर हात आखडता घेतला.

पोलटाऊनच्या जागेवरचा जनरल मोटर्सचा कारखाना २०१८ साली बंद होणार असे जाहीर झाले होते. मग विजेवरच्या गाड्यांसाठी तो नव्याने उभा राहिला, ‘फॅक्टरी झिरो’ या नावाने. नोव्हेंबर २०२१ मध्ये अध्यक्ष बायडेन तेथे येऊन गाडी चालवून गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीने तिथल्या सुमारे बाराशे कामगारांना कमी करण्याची घोषणा केली.