तोंडाचा वास आणि खैराचा कात

आजचा विषय चारचौघांत काढण्यासारखा नाही. तोंडाचा वास! ज्याच्या तोंडाला तो येतो त्याला कळत नाही, आणि ज्याला कळतो तो सांगत नाही. म्हणून घरोघरी त्यावर गुपचूप उपाय चालतात. जेवणानंतर बडीशेप, दाढेखाली लवंग, मिठाच्या कोमट पाण्याची चूळ. पण आमच्या महाड-पोलादपूरकडच्या जुन्या घरांत या सगळ्यांत वरचढ मानला जाई तो पानाच्या डब्यातला कात. माझ्या आजीच्या पितळी डब्यात चुन्याची डबी, अडकित्ता, सुपारी आणि एका कप्प्यात तांबूस काताचे खडे असत. हिरड्या सुजल्या, तोंड आले किंवा तोंडाला वास मारू लागला, की आजी चिमूटभर कात हिरडीवर चोळायला लावी. चव आधी तुरट, मग किंचित गोडसर. हा कात येतो कुठून, असा प्रश्न तेव्हा पडला नाही. वाण्याकडून येतो, एवढे पुरेसे होते.

आजीचा उपाय तिच्या पदरचा नव्हता. सुश्रुतसंहितेत दात घासण्याच्या काडीचे माप दिले आहे. लांबी बारा अंगुळे, जाडी करंगळीएवढी. कडू झाडांत कडुनिंब, तिखटात करंज, गोडात मोह आणि तुरटात खैर श्रेष्ठ, असेही तिथे सांगितले आहे. चरकाने तर जीभ खरवडायची पट्टी सोने, रुपे, तांबे अशा कोणत्या धातूची असावी, हेही लिहून ठेवले आणि जिभेच्या मुळाशी साचलेल्या मळाने तोंडाला दुर्गंधी येते, हे कारणही दिले. आजचे दंतवैद्य वेगळे काही सांगत नाहीत. जिभेच्या मागच्या भागावर जंतू वाढतात, अन्नातली आणि लाळेतली प्रथिने कुजवतात आणि त्यातून गंधकाचे वायू सुटतात. रात्री लाळ कमी सुटते, म्हणून सकाळी वास जास्त. बडीशेप-लवंग हा वास थोडा वेळ झाकतात. जीभ घासणे मात्र मुळावरच घाव घालते. खैरातल्या तुरट द्रव्यांनी सैल हिरड्या आवळल्या जातात. वैद्यांची खदिरादि वटी आजही औषधांच्या दुकानात मिळते, ती याच खैराची.

या सगळ्या उपायांना घरगुती म्हणताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो. चूळ भरायला पाणी आहे. याच महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला आणि नंतर ते तळे गोमूत्र-शेण, दूध-दही ओतून ‘शुद्ध’ करण्यात आले. कुणाचे तोंड शुद्ध आणि कुणाचे नाही, हा हिशेब दातांपुरता कधीच नव्हता.

कातामागेही असाच एक हिशेब आहे. कात करणारे ते कातकरी, म्हणजेच काथोडी. रायगड जिल्ह्यातल्या या आदिवासींचे नावच धंद्यावरून पडले. पावसाळा सरला की ते खैराच्या रानात झोपड्या घालत. हंगाम सुरू करण्यापूर्वी एका खैराला शेंदूर लावून, धूप दाखवून त्याची पूजा करत. मग झाडे तोडून आतला लाल गाभा काढायचा, त्याच्या ढलप्या पाडायच्या, मातीच्या मडक्यांत तासन्‌तास उकळायच्या. ते लाल पाणी गाळून पुन्हा आटवायचे, घट्ट झाले की थापून वड्या पाडायच्या. एवढे करून कात जाई व्यापाऱ्याकडे आणि तिथून सगळीकडे. विड्यात जाई, चामडे कमावायला जाई, कोळ्यांची जाळी रंगवायलाही जाई. युरोपातल्या औषधविक्रेत्यांना तर ही जपानमधली माती वाटली आणि त्यांनी तिला ‘टेरा जपोनिका’ असे नाव दिले! ग्रीन टीच्या जाहिरातींत ज्या ‘कॅटेचिन’चा गाजावाजा असतो, ते नावही काताच्या ‘कॅटेचू’ या परदेशी नावावरूनच आले आहे.

१८७८ चा वन कायदा आला आणि राने राखीव झाली. खैर सरकारजमा झाला. कालपर्यंत ज्याची पूजा करून कुऱ्हाड चालवायची, त्याला हात लावणे गुन्हा ठरले. मूळचा धंदा हातातून गेला आणि कातकरी लाकूडतोड, कोळसा पाडणे, दुसऱ्याच्या शेतावर राबणे यांकडे वळले. पुढे वीटभट्ट्या आल्या. आजही दिवाळी उलटली की महाड-पोलादपूरच्या कातकरीवाड्यांतली कुटुंबे उचल घेऊन भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात.

कात काही बंद झाला नाही. चिपळूण भागात त्याचे कारखाने उभे राहिले. पानटपरीवर आणि पुढे गुटख्याच्या पुडीत तो जात राहिला. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी खैराच्या चोरट्या तोडीच्या बातम्या कोकणात येतच असतात. इथे एक सांगायला हवे. तोंडाला वास येऊ नये म्हणून रोज विडा खावा, असा सल्ला मी देणार नाही. सुपारी हीच कर्करोगाला कारण ठरते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला. आणि तव्यावर तंबाखू भाजून केलेली मशेरी? आमच्याकडच्या कितीतरी बायका दात स्वच्छ होतात म्हणून ती लावत आल्या. ती दंतमंजन नव्हे, व्यसन आहे. काडी घ्यावी करंजाची, कडुनिंबाची, जीभ रोज घासावी, पाणी भरपूर प्यावे. तरी वास हटला नाही तर दंतवैद्य गाठावा, कारण दुखणे हिरड्यांचे असू शकते, किंवा आणखी आतले.

२००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना मध, मेण, तेंदूची पाने अशा गौण वनोपजावर हक्क दिला. गौण म्हणजे इमारती लाकूड सोडून. कात मात्र खैर तोडल्यावाचून निघत नाही.

आजीचा डबा आता माझ्याकडे आहे. काताच्या कप्प्यात हल्ली सेफ्टी पिना असतात. तळाची लाली अजून निघालेली नाही.