हातसुताची किंमत : वर्धा, १९३५

१/
हाताने कातलेल्या सुताचे कापड महाग का, हा प्रश्न आजही विचारला जातो. नव्वद वर्षांपूर्वी वर्ध्यात याच्या उलट प्रश्न उभा राहिला : ते आहे एवढे तरी स्वस्त मिळते, ते कोणाच्या जिवावर? त्या प्रश्नाचा हा इतिहास.

२/
आधी हिशेब समजून घेऊ. कातणाऱ्यांच्या मापात ४ फूट सूत म्हणजे एक तार, १६० तारांची एक लट आणि चार लटींची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. एका गुंडीत २,५६० फूट सूत. साध्या चरख्यावर सरावलेल्या हातालाही त्यासाठी दोन-तीन तास लागतात.

३/
एक चौरस वार जाडसर खादीला साधारण चार गुंड्या सूत लागते. म्हणजे आठ ते बारा तास निव्वळ कताईचे. सरकी काढणे, पिंजणे, पेळू वळणे आणि शेवटी विणणे, हे सारे वेगळे. घडी घातलेल्या उपरण्याकडे पाहून हे तास दिसत नाहीत.

४/
१९२५च्या सप्टेंबरात पाटण्याला अखिल भारत चरखा संघाची स्थापना झाली. रिकाम्या वेळात कातून चार पैसे मिळावेत, ही मूळ कल्पना. पण खादी मिलच्या कापडापुढे टिकायची तर तिचा भाव आवाक्यात ठेवणे भाग होते. ती काटकसर अखेर कातणारणीच्या मजुरीतून होई. दिवसभराच्या कताईला जेमतेम एक-दीड आणा पडे.

५/
उपाय यंत्रात शोधण्याचाही प्रयत्न झाला. १९२९ मध्ये संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अट अशी की आठ तासांत १६,००० फूट सूत निघावे, म्हणजे सहा गुंड्यांहून थोडे अधिक. यंत्र खेड्यातल्या घरात बसावे आणि बाईमाणसाला न थकता चालवता यावे. सगळ्या अटी पुऱ्या करून ते बक्षीस कोणीही जिंकू शकले नाही.

६/
दरम्यान वर्धा या कामाचे केंद्र बनत होते. जमनालाल बजाजांच्या आग्रहामुळे १९२१ मध्ये विनोबा येथे आले. १९३४च्या अखेरीस ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि बजाजांनी दिलेल्या बागेत त्याचे काम सुरू झाले. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हे नाव मिळाले.

७/
ग्रामोद्योगांचा विचार करताना गांधीजींपुढे मजुरीचा प्रश्न आला. तासाला एक आणा, म्हणजे आठ तासांच्या कामाला आठ आणे, असे माप त्यांनी सुचवले. कातणे हे विणण्याइतकेच श्रमाचे काम आहे. मग त्याचा मोबदला नाममात्र का?

८/
ऑक्टोबर १९३५ मध्ये चरखा संघाने वर्ध्याच्या बैठकीत ठराव केला : आठ तासांच्या चांगल्या कामाची मजुरी इतकी हवी की तीतून शास्त्रीय मापाने ठरवलेला आहार आणि वर्षाला २० वार कापड मिळावे. बाजारभावाऐवजी पोटाच्या गरजेवरून मजुरी ठरवण्याचा हा प्रयत्न होता. स्वतंत्र भारतात किमान वेतन कायदा झाला तो १९४८ मध्ये!

९/
आठ आण्यांचे माप मात्र गाठता आले नाही. प्रत्यक्षातला दर त्याहून बराच खाली राहिला. तेवढ्यानेही खादीचा भाव चढला आणि विक्रीची चिंता सुरू झाली. याच काळात वर्ध्याजवळच्या नालवाडीत विनोबा स्वतः कताईच्या मजुरीवर जगून पाहत होते. ठरावातला आकडा एका माणसाच्या ताटात उतरतो का, याची ती परीक्षा होती.

१०/
३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय खुले झाले. मगनलालांचेच नाव लाभलेला मगन चरखा प्रभुदास गांधींनी तयार केला होता. त्याचे चाक पायाने फिरते, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहून दोन चात्यांवर एकाच वेळी सूत निघते. मजुरी वाढवण्याचा हा दुसरा मार्ग होता : तेवढ्याच तासांत अधिक सूत.

११/
१९४५ मध्ये संघाने आणखी कठोर पाऊल उचलले. खादी हवी असेल तर किमतीचा काही भाग सुतात भरावा लागेल! शहरी ग्राहक नाराज झाले, कारण पैसा होता पण कातायला वेळ नव्हता. नियमाचा अर्थ नेमका तोच होता. ज्याने एक गुंडी स्वतः कातली, त्याला तिच्या भावाबद्दल वेगळे सांगावे लागत नाही.

१२/
हा हिशेब कापसापुरता नाही. धनगराच्या घोंगडीची लोकर असो, काश्मिरी पश्मिना असो किंवा हातसुताच्या लोकरीचा मफलर आणि हातमोजे. विणणारीचे काम नजरेत भरते, कातणारीचे तास धाग्यात लपून राहतात. वर्ध्याच्या ठरावाने ते तास मोजायला घेतले. पुरते दाम देणे त्यालाही जमले नाही, पण वस्त्राची किंमत कुठून मोजायला सुरुवात करावी, हे त्याने ठरवून दिले.